आखणीकरांचा जिना

आखणीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. सहलींची आखणी करून करून ते त्यांना चिकटलं, आणि चिकटलं तेही असं घट्ट की मूळ आडनावाचं पाकीट हातात घेऊन पोस्टमन त्यांच्याच दारात उभा राहून विचारायचा, "हे कोण बुवा राहतात?" आणि आखणीकरांनाही क्षणभर आठवावं लागायचं.

एका प्रवासी कंपनीत, एकाच खुर्चीत बसून, सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना देशातली जुनी शहरं दाखवली. स्वतः एकही पाहिलं नाही. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, बासष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. भिंतीवर हा एवढा नकाशा, नकाशात टाचण्या, टाचण्यांना दोरे. त्या ऑफिसात शहरांना कुणी शहरांच्या नावानं हाक मारत नसे. नावं तिकिटापुरती. बाकी सगळं 'घुमट', 'गुलाबी', 'घाट', 'गढी' आणि 'उंच दरवाजा'. "गुलाबीला दोन खोल्या कमी पडतायत," "घाटाची बोट सांगितली का?" असं चालायचं. नवखा माणूस आला की त्याला वाटे, ही प्रवासी कंपनी आहे की गवंड्यांची टोळी!

पण आखणी करावी तर आखणीकरांनीच. घुमट सकाळी सव्वासहाला उरकायचा, कारण ऊन चढलं की दगड तापतो, अनवाणी माणसं नाचायला लागतात आणि नाचण्यात पंधरा मिनिटं जातात. गुलाबीच्या बाजाराला कागदावर छापायचा सव्वा तास आणि मनात धरायचा दीड, म्हणजे उशीर करणारे बरोबर वेळेवर येतात. उंच दरवाज्याला वीस मिनिटं: पाच चढायला, आठ बघायला, चार फोटोला, तीन उतरायला. ही माहिती त्यांना कोण देई? तर 'शिट्टी'. शिट्टी म्हणजे कंपनीचा टूर मॅनेजर. गळ्यात कायम शिट्टी, त्यामुळे आईबापांनी ठेवलेलं नाव वाया गेलं. तो सहलीवरून परतला की आखणीकर त्याला चहा पाजून उलटतपासणी घेत. "पाण्याचा नळ डाव्या हाताला की उजव्या? पायरी उंचीला केवढी? गुडघ्याइतकी? गुडघा कुणाचा, तुझा की म्हाताऱ्याचा?"

आणि या म्हाताऱ्यांवरूनच तो जिन्याचा उद्योग सुरू झाला.

झालं असं की एका वर्षी बँडमधून निवृत्त झालेला एक आडदांड गृहस्थ गढीवर चढता चढता मटकन खाली बसला तो उठेचना. सबंध बस दीड तास उन्हात. आखणीकरांच्या सुबक वेळापत्रकाला तडा गेला तो गेलाच. त्या माणसाला काय झालं, हे त्यांनी नंतर विचारलंही नाही. विचारलं ते एवढंच, "दीड तास कुठून भरून काढला?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. साठीच्या पुढच्या प्रत्येकानं फॉर्मवर सही करायला स्वतः ऑफिसात यायचं. कारण सांगायचं, "सही समोर लागते." खरं कारण वेगळं. आखणीकरांची खुर्ची अशी ठेवलेली की उघड्या दारातून जिन्याचा शेवटचा टप्पा सरळ दिसे, आणि खालचे टप्पे ऐकू येत. माणूस न थांबता आला तर फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका. एकदा बसला तर दोन. दोनदा बसला तर तीन. एक ठिपका, चला. दोन ठिपके, चला, पण बसमध्ये पुढची जागा. तीन ठिपके, "अरेरे, सगळ्या जागा भरल्या हो!"

कुणालाही कधी खरं सांगितलं नाही. आणि सांगायचं तरी काय!

दिवस जाऊ लागले तसे आखणीकर त्यात रंगू लागले. नुसत्या पावलांवरून ते ओळखत. "उजवा पाय ओढतोय. घुमटापर्यंत जाईल, गढीला राहील." शिट्टी टेबलावर हात आपटून हसायचा. "वरच्या मजल्याचं तिकीट काढू का याचं, कायमचं?" एकदा एक कडक इस्त्रीचे म्हातारे एका दमात बासष्ट पायऱ्या चढून आले आणि ऐटीत उभे राहिले. आखणीकरांनी ओळखलं, गडी श्वास कोंडून उभा आहे. ते गोड आवाजात म्हणाले, "जरा पूर्ण नाव सांगा. मोठ्यानं. पत्ताही सांगा. पिनकोडसकट." पिनकोडाच्या तिसऱ्या आकड्याला म्हातारे खुर्चीत कोसळले. तीन ठिपके. हा किस्सा आखणीकरांनी घरी जेवताना तीनदा सांगितला.

घरी ऐकणारी एकच, बायको. ती शिवणकाम करायची. यांचा आवाज आणि मशीनचा आवाज सव्वीस वर्षं एका खोलीत नांदले. यांनी सांगावं, तिनं हुं म्हणावं. तिला सगळी शहरं पाठ. घुमटाच्या मागे नदी, गुलाबीच्या वेशीवर घड्याळवाला, घाटाला अठरा पायऱ्या पाण्याबाहेर. पण जीव जडला होता तो उंच दरवाज्यावर. "खालून वर बघितलं की मान दुखते म्हणे," ती म्हणायची, "आणि वर जाऊन खाली बघितलं की?" यावर आखणीकर म्हणायचे, "आठ मिनिटं."

फक्त एक किस्सा तिनं हुं न म्हणता ऐकला. एक नवराबायको आले होते, लग्नाला चाळीस वर्षं झालेली. नवऱ्याला एक ठिपका, बायकोला तीन. आखणीकरांना गंमत सुचली. दोघांना नको म्हणण्याऐवजी त्यांनी काउंटरवरच्या बाईंकरवी सांगितलं, "एकच जागा शिल्लक आहे." आणि दाराआडून बघत राहिले. नवरा पाच मिनिटं 'छे छे' म्हणाला आणि सहाव्या मिनिटाला त्यानं सही केली. "शिट्टीशी पैज लागली होती," आखणीकर पोट धरून हसत म्हणाले, "तो म्हणे दहा मिनिटं लागतील!"

मशीन थांबलं. बायकोनं विचारलं, "आणि ती?"

"ती काय, गेली खाली उतरून. उतरायला काही त्रास नव्हता तिला."

मशीन पुन्हा सुरू झालं.

तर अशी सव्वीस वर्षं झाली आणि एका दुपारी मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आखणीकर, तुम्ही एवढ्या सहली आखल्या, आता एक स्वतःसाठी आखा. आठ दिवस, पाच शहरं, तुम्ही आणि वहिनी. कंपनीकडून." आखणीकरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा बायको सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "थट्टा करताय." मग म्हणाली, "उंच दरवाजा आहे ना त्यात?" मग तासाभरानं, भांडी घासता घासता, एकटीच हसली.

पुढचे दोन महिने ती रोज सकाळी कुठंतरी जाऊन यायची, आणि आली की गाल लाल. आखणीकरांनी विचारलं नाही. ते आखणीत बुडाले होते. खालच्या इस्त्रीवाल्याला मात्र ठाऊक होतं. ती मागच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीचा जिना चढायची. पहिल्या दिवशी वीस पायऱ्या, मग तीस. गुडघ्याला पट्टी बांधून. साठी तिची गेल्याच वर्षी झाली होती, यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. त्यावरून पूर्वी घरात बरीच चेष्टा व्हायची.

सहीचा दिवस आला. मालक म्हणाले, "वहिनींचा फॉर्म घरीच घेऊन जा हो." आखणीकर म्हणाले, "नाही, नियम म्हणजे नियम." हे म्हणताना त्यांनी शिट्टीकडे बघितलं. शिट्टी खुर्ची ओढून दाराशी बसला, जसा काही सामनाच होता. काउंटरवरच्या बाई फोन खाली ठेवून आल्या. मालकसुद्धा आतून डोकावले.

पावलं वाजली. एक टप्पा झाला. दुसरा झाला.

"चांगली येतेय," शिट्टी म्हणाला.

"गप. ऐकू दे."

तिसऱ्या टप्प्याच्या अलीकडे पावलं थांबली. कठड्याला बांगड्या घासल्याचा आवाज आला. बसली. पाच, दहा, वीस आकडे मोजून झाले, मग उठली. आणि उरलेल्या पायऱ्या चढून ती दारात उभी राहिली, घामानं डबडबलेली, छत्री काठीसारखी टेकलेली. चेहऱ्यावर असं हसू, जसं शाळेत पहिल्यांदा पास झालेल्या मुलीच्या असतं. एकदाच बसली होती. ती हिशेब करूनच बसली होती. सव्वीस वर्षं ऐकत आलेली बाई, तिला दोन ठिपके चालतात हे ठाऊक नसेल?

आखणीकरांनी पेन्सिल उचलली. एक ठिपका दिला. दुसरा दिला. तेवढ्यात शिट्टी हळूच म्हणाला, "काय आखणीकर, घरच्यांना सवलत वाटतं? तो पिनकोडवाला आजोबा तर एकदाही बसला नव्हता."

ऑफिसात कुणीतरी फिस्सकन हसलं.

आता बघा, माणसाचा हात केवढा, पेन्सिल केवढी, आणि ठिपका तो केवढा. मालक म्हणाले, "राहू द्या हो, दोन पुरे." त्यानं तर आखणीकरांना आणखी चेव चढला. सगळे बघत होते. त्यांनी तिसरा ठिपका दिला, तोही जरा दाबून, आणि फॉर्म काउंटरवर सरकवला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मकडे बघितलं, दारातल्या बाईकडे बघितलं आणि फॉर्म तसाच परत सरकवला. मग आखणीकरच म्हणाले, रोजच्या त्या गोड आवाजात, "अरेरे, सगळ्या जागा भरल्या हो."

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं त्याच्या आतलं निघून गेलं.

"मी एकदाच बसले," ती म्हणाली.

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. तिथं काही झालं तर पस्तीस माणसं खोळंबतील."

"अहो, मी एकदाच बसले. तुम्ही ऐकलंत."

"दम लागलाय तुला. दिसतंय ना."

तिनं काउंटरवरचा पाण्याचा ग्लास घेतला, सगळा प्यायली, ग्लास उपडा ठेवला आणि खाली उतरली. आखणीकरांनी सवयीनं कान लावला. कुठंही थांबली नाही. "बघा, किती शिस्तीची बाई," ते शिट्टीला म्हणाले. "दुसरी असती तर इथं रडारड केली असती." तिची रिकामी जागा त्यांनी दुपारीच एका तरुण औषधविक्रेत्याला देऊन टाकली.

घरीही तिनं काही केलं नाही. त्यांची बॅग भरली. पायमोज्यांचे जोड मोजून ठेवले. फक्त म्हणाली, "तो आठ दिवसांचा कागद एकदा वाचून दाखवा." आखणीकर खूश झाले. त्यांनी घसा खाकरून पहिल्या दिवसापासून वाचलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "हे पुन्हा."

"पाचवा दिवस. उंच दरवाजा. दहा चाळीस ते अकरा."

"बरं. पुढं वाचा."

"तू काय करशील आठ दिवस?"

"बहिणीकडे जाते."

आखणीकर निघाले. आणि खरं सांगायचं तर चार दिवस त्यांचे झोकात गेले. घुमट त्यांनी पाहिला. दोन मिनिटं उशिरा. सगळे वर बघत असताना ते खाली मान घालून घड्याळाशी कागद पडताळत होते. गुलाबीत नळ खरंच डाव्या हाताला निघाला तेव्हा त्यांनी त्या नळाचा फोटो काढला. गढीवर एका बाईंनी विचारलं, "काका, हा महाल कुणी बांधला?" हे म्हणाले, "ते माहीत नाही, पण याला बावीस मिनिटं आहेत." बसमध्ये पोरीबाळी त्यांची नक्कल करू लागल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी दहा चाळीसला बस उंच दरवाज्यापाशी लागली. आखणीकर बरोबर पाच मिनिटांत वर पोचले, कमानीखाली उभे राहिले, आणि आठ मिनिटं बघायची म्हणून बघू लागले. खाली सगळं गाव पसरलेलं. पायऱ्यांवर मुंग्यांसारखी माणसं. आणि त्या मुंग्यांत, खालून बाराव्या-तेराव्या पायरीवर, एक ओळखीची तपकिरी छत्री.

आधी त्यांना वाटलं, छत्र्या काय सारख्याच असतात. मग छत्रीखालची बाई उठली, दोन पायऱ्या चढली, आणि पुन्हा बसली. तशी बसण्याची पद्धत जगात एकाच बाईची होती.

आखणीकर चारशे वर्षांच्या त्या पायऱ्या धडपडत उतरले.

"तू? इथं?"

"बसा," ती म्हणाली. हातात संत्र्याची फोड होती.

"बसायला वेळ कुठाय! अकराला दहा कमी आहेत. तू बहिणीकडे गेली होतीस ना?"

"मग ही कोण?" शेजारच्या पायरीवर तिची थोरली बहीण पाय पसरून बसली होती. "काय जावईबापू," ती म्हणाली, "घाम आलाय की. एकदा बसा. आम्ही ठिपका नाही देत."

आल्या होत्या त्या तळमजल्यावरच्या कंपनीबरोबर. आखणीकरांच्याच इमारतीत, जिन्याला लागूनच एक चित्रकलेचे निवृत्त मास्तर गेल्या वर्षापासून सहली नेऊ लागले होते. वरून नकार घेऊन उतरलेली माणसं त्यांच्याच दारात दम खायला टेकायची. मास्तरांनी खुर्च्या टाकल्या आणि त्यांचा धंदा जमला. सहीच्या दिवशी आखणीकरांची बायको त्याच खुर्चीत जाऊन बसली होती. शिवणकामाच्या पैशांतून तिनं दोन जागा घेतल्या, आणि मास्तरांना एकच अट घातली, उंच दरवाजा अमुक दिवशी. मास्तर आता चार पायऱ्या खाली गुडघ्यावर वही घेऊन कमान रेखाटत होते. त्यांच्या लोकांना सूर्य मावळेपर्यंत तिथंच राहायचं होतं.

"मला सांगायचं तरी," आखणीकर म्हणाले.

"काय सांगायचं? दम लागलाय मला. दिसतंय ना."

"मुद्दाम आजचा दिवस घेतलास?"

"म्हटलं, आठ मिनिटांत तुम्ही वरून खाली बघणार. काय दिसतं ते तुम्हालाही कळावं."

खालून कर्कश शिट्टी वाजली. शिट्टी बसच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता, "आखणीकर! उशिरा येणाऱ्यासाठी बस थांबत नाही! कागदावर तुम्हीच लिहिलंय!" बसच्या खिडक्यांतून पस्तीस तोंडं बाहेर आली आणि एका सुरात ओरडली, "काका, तीन मिनिटं उतरायला!"

आखणीकर जागचे हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वेळापत्रक नकोसं झालं. "मी थांबतो," ते म्हणाले. "जाऊ दे ती बस. तुझ्याबरोबर वर येतो. हळूहळू चढू."

हे ते मनापासून म्हणाले. तिलाही ते दिसलं असावं, कारण संत्र्याची फोड तोंडात टाकता टाकता तिचा हात थांबला.

"माझ्याबरोबर आलात की घड्याळ बघाल."

"नाही बघणार. शपथ," आखणीकर म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

बहीण अशी हसली, अशी हसली की तिच्या मांडीवरची संत्री गडगडत दोन पायऱ्या खाली गेली. बायको हसली नाही. तिनं छत्री टेकून उठायला सुरुवात केली, बहिणीला हात दिला, आणि त्या दोघी पुढच्या पायरीवर चढल्या. मग त्याच्या पुढच्या. आखणीकर तिथंच उभे होते. ती मागं वळून म्हणाली, "जा हो, जा. उगाच माणसं खोळंबतील."

ते धावत गेले. बसमध्ये टाळ्या पडल्या. मागच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं तेव्हा ती छत्री आणखी चार पायऱ्या वर होती, बसलेली.

आखणीकर घरी पोचले त्यानंतर दोन दिवसांनी ती आली. रापलेली, जरा लंगडत. आल्या दिवसापासून शेजारणी जमू लागल्या आणि ती सांगू लागली. वर पोचायला तिला दीड तास लागला. वर गेल्यावर ती कमानीला पाठ लावून बसली ती ऊन पिवळं होईपर्यंत. खाली कुणाच्या तरी गच्चीवर एक म्हातारी गव्हाला ऊन देत होती आणि पाखरं हाकत होती, ते तिनं अख्खी दुपार बघितलं. शेजारणी हसायच्या, परत परत विचारायच्या. आखणीकर आतल्या खोलीत बसून कान द्यायचे. पण ते उठून दारात आले की गोष्ट तिथंच थांबायची आणि मशीन सुरू व्हायचं.

एकदा त्यांनी विचारलंच. "मग वर गेल्यावर काय काय बघितलंस?"

"तुम्ही पाहिलंयच की," ती म्हणाली. "आठ मिनिटं."

"मला सांग ना."

"दोरा संपला," ती म्हणाली, आणि दोरा आणायला गेली.

आठवडाभर हे चाललं. शेवटी एका सकाळी ऑफिसला जाताना आखणीकर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी थांबले. कपडे दिले, घेतले, उगाच हवापाण्याचं बोलले. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "आमच्या घरातून सांगितलं असेल ना तुला, सहलीचं?"

"तर! सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. ती गव्हाची म्हातारी, ते चित्र काढणारे मास्तर, संत्री गडगडली ती. मी म्हटलं, मावशी, तुम्ही सांगता म्हणजे समोर उभं करता."

"हो का." आखणीकरांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "आणि माझ्याबद्दल काय म्हणाली?"

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, खरंच नवल होतं.

"का हो," त्यानं विचारलं, "तुम्हीही गेला होतात?"